राजधानी पाहताना मूल कुणाकडे पाहते?



गुडघे साथ देईनासे झाले तसे उभ्याने कीर्तन करणे थांबले. आता बसून चार अक्षरे लिहितो. तीच सेवा पांडुरंगाने गोड मानून घ्यावी.

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली, की आपल्या माळकरी मंडळींपैकी कोणी ना कोणी विचारते, "महाराज, यंदा लेकरांना दिल्ली दाखवून आणावी म्हणतो. जावे का?" कोणी विचारते, "काय काय दाखवावे?" पण लेकरांनी तिथून काय घेऊन यावे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आज त्याच प्रश्नाचा तुमच्याबरोबर विचार करायचा आहे.

प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाने आपले गाव पाहिलेले असते, तालुक्याचा बाजार पाहिलेला असतो, आईबापाच्या खांद्यावर बसून पंढरी पाहिलेली असते. राजधानीत ते पहिल्यांदा सत्तेचे घर पाहते. मोठा रस्ता, मोठी कमान, मोठा वाडा, बंदूक घेतलेला पहारेकरी. मोठेपण म्हणजे काय, ह्याची एक आकृती त्या कोवळ्या मनात त्या चार दिवसांत उमटते, आणि ती लवकर पुसत नाही. पुढे जन्मभर ते मूल साहेबासमोर कसे उभे राहील, आणि स्वतः साहेब झाले तर समोर आलेल्या गरिबाशी कसे बोलेल, ह्याचे बीज तिथे पडू शकते. म्हणून विचार करायचा.

आधी पूर्वपक्ष ऐकू. आपल्यातलेच काही वडीलधारे म्हणतात, "पंढरी असताना दिल्ली कशाला? तोच पैसा वारीला लावा." बोलण्यात निष्ठा आहे, तिचा मान राखू. पण आपल्या संतांनी पाय बांधून घेतले नव्हते. नामदेवराय पंढरीचे प्रेम उरी धरून थेट पंजाबपर्यंत गेले; घुमान गावी आजही त्यांचे स्थान पूजले जाते. माउलींनी ग्रंथाच्या अखेरीस देवगिरीच्या रामदेवराय यादवाचा गौरवाने उल्लेख केला आहे. म्हणजे राजा आणि राजधानी संतांना ठाऊक नव्हती असे नाही, आणि त्यांनी तिचा तिटकाराही केला नाही.

आणि खुद्द पांडुरंग? परंपरा सांगते, की तोही एकदा राजधानीला गेला होता. दामाजीपंतांची कथा तुम्ही शेकडो वेळा ऐकली असेल. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली, तेव्हा दामाजींनी बादशहाची कोठारे लोकांना मोकळी केली. शिक्षेचा हुकूम सुटला. तेव्हा विठू महाराचे रूप घेऊन, घोंगडी पांघरून, हातात काठी घेऊन देव बेदरच्या दरबारात उभा राहिला. धान्याची किंमत मोजून दिली, पावती घेतली आणि निघून आला. कीर्तनात आपण विठू महाराच्या वेषावर रंगतो, ते योग्यच आहे. पण जरा थांबून एवढे पाहा, की देव राजधानीत राजवाडा पाहायला गेला नव्हता. दुसऱ्याचे देणे फेडायला गेला होता, आणि गेला तो सगळ्यांत साध्या माणसाच्या वेषात. बादशहापुढे तो लाचार झाला नाही आणि त्याने बादशहाचा अपमानही केला नाही. हिशेब चोख केला आणि पावती घेतली. राजधानीत माणसाने कसे वागावे, ह्याचा ह्याहून चांगला धडा मला तरी सापडलेला नाही.

तेव्हा जावे, खुशाल जावे. मात्र कर्ज काढून जाऊ नये, आणि शेजाऱ्याने मुले नेली म्हणून आपणही न्यावीत असे नको. पण ऐपत असेल तर जरूर जावे. लेकराने आपला देश पाहिला पाहिजे.

आता मुख्य सिद्धान्त सांगतो. आपण समजतो की मूल राजधानी पाहते. ते इमारतीकडे पाहते घटकाभर. बाकी सारा वेळ ते आपल्याकडे पाहत असते. इमारत किती मोठी हे त्याला कळत नाही. त्या इमारतीपुढे माझा बाप केवढा झाला, हे त्याला बरोबर कळते.

ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्यास गेले, तेव्हा बरोबर संभाजीराजे होते. शंभूराजांचा जन्म १४ मे १६५७ चा, आणि दरबार भरला १२ मे १६६६ रोजी. म्हणजे नऊ वर्षे पुरी व्हायला दोन दिवस बाकी. एका बापाने आपल्या लेकराला पहिल्यांदाच बादशाही दरबारात नेले होते. त्या मुलाने तिथे काय पाहिले? जडजवाहीर पाहिले असेल, हत्तीघोडे पाहिले असतील. पण आपल्या वडिलांना मागच्या रांगेत उभे केले गेले, आणि तो अपमान सहन न करता वडिलांनी भर दरबारात बादशहाकडे पाठ फिरवली, हेही त्याने पाहिले. पुढे कैद झाली, सुटका झाली, परतीच्या वाटेवर त्या मुलाला मथुरेस विश्वासाच्या माणसांकडे ठेवावे लागले. ह्या सगळ्या संकटांत मुलाजवळ शिदोरी होती ती वडिलांच्या त्या ताठ मानेची. आग्र्याचा किल्ला केवढा होता, हे त्यापुढे गौण झाले.

आपण सामान्य माणसे. आपल्याला कोणी दरबारात बोलावत नाही. पण परीक्षेचे प्रसंग आपल्यालाही येतात, आणि ते दिल्लीत नव्हे, तिकिटाच्या खिडकीपासूनच सुरू होतात. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी बर्थ घेतली नाही तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला बर्थ नको असेल तर अर्धे तिकीट. इथे काय होते? बाप मुलाच्या कानात सांगतो, "कोणी विचारलं तर चार वर्षांचा आहे म्हणून सांग." सहा वर्षांचे ते लेकरू मोठे झाल्याचा अभिमान मिरवत असते, आणि आपण त्याला दीड-दोनशे रुपयांसाठी लहान व्हायला सांगतो. मग तेच मूल राजघाटावर नेऊन गांधीजींनी सत्याचे प्रयोग केले म्हणून सांगतो. त्या काळ्या संगमरवरी चौथऱ्यावर 'हे राम' कोरलेले आहे. मूल ती अक्षरे वाचते. पण खिडकीजवळचा धडा त्याने त्याआधीच वाचलेला असतो.

तीन वर्षांपूर्वी मुलगा, सून, दहा वर्षांचा नातू आणि सात वर्षांची नात ह्यांच्याबरोबर मीही दिल्लीला गेलो होतो. आम्ही परभणीकडचे. आमच्या मुलखातून नांदेडची सचखंड एक्स्प्रेस जाते. नांदेडच्या गुरुद्वारापासून अमृतसरच्या हरिमंदिरापर्यंत जाणारी ही गाडी. वाटेतल्या स्थानकांवर शीख सेवेकरी बादल्या आणि टोपल्या घेऊन उभे असतात आणि डब्यातल्या प्रवाशांना लंगरचे जेवण वाढतात. पैसा नाही, ओळख नाही, जात विचारणे नाही. नातवाने आपली थाळी पुढे केली आणि मग मला विचारले, "आबा, आपण तर त्यांचे कोणीच नाही, मग आपल्याला का देतात?" मी म्हटले, "वारीत आपल्याला वाटेवरच्या गावांनी जेवू घातलं, ते आपले कोण होते?" त्याला उत्तर मिळाले. दिल्ली अजून लांब होती, पण सहलीचे फळ मिळायला सुरुवात झाली होती.

दिल्लीत पोचल्यावर मुलांना आधी काय हवे असते? मेट्रोत बसायचे असते, रेल्वेच्या संग्रहालयातली जुनी इंजिने पाहायची असतात, आइस्क्रीम खायचे असते. ते सगळे आनंदाने करू द्या. मुलांच्या हातात लगेच वैराग्याचे टाळ देऊ नका. लाल किल्ला पाहून मूल "केवढा मोठा!" म्हणाले, की आपल्यातला एखादा पोक्त माणूस लगेच म्हणतो, "सगळं मातीला मिळणार आहे बाबा." खरे आहे ते, पण हे म्हणण्याचा अधिकार पाहून झालेल्याला असतो. ज्याने अजून पाहिलेच नाही, त्याच्या विस्मयावर पाणी ओतणे म्हणजे परमार्थ शिकवणे नव्हे. विस्मय हाच भक्तीचा पहिला अंकुर आहे. गोपाळांना आधी यमुनेचे, गाईंचे, काल्याचे कौतुक वाटले. तत्त्वज्ञान मागाहून आले.

विस्मय ओसरला की मूल आपणहून विचारते. तेव्हा खरे सांगावे. लाल किल्ला शहाजहानने बांधला, १६४८ मध्ये तो पुरा झाला. आत दिवाण-इ-खास आहे, तिथे मयूरासन होते. ते १७३९ मध्ये नादिरशहाने नेले. छताला चांदी होती. ती १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी उतरवून वितळवली, आणि त्यानंतर लवकरच, जानेवारी १७६१ मध्ये, पानिपत झाले. आपल्या माणसांनी केले ते झाकून आणि दुसऱ्यांनी केले ते उघडून सांगू नये. मुलाला दोन्ही सांगावे. नातवाने हे ऐकून रिकाम्या दिवाणखान्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "मग इथं आता कोण बसतं?" "कोणी नाही. आपण तिकीट काढून पाहायला येतो." पंधरा वर्षांखालच्या मुलांना अशा पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत तिकीटही लागत नाही. बादशहाच्या दिवाणखान्यात परभणीच्या शेतकऱ्याचे पोर फुकट फिरते. ह्यातला अर्थ त्याला आज कळला नाही तरी चालेल.

मला मात्र तिथे देवगिरी आठवली. दिल्ली आणि देवगिरी ह्यांचे नाते जुने आहे. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि यादवांचे वैभव लुटून घेऊन गेला. पुढे १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानीच देवगिरीला आणली, तिचे दौलताबाद केले. आणि ती टिकली नाही. ज्या १२९६ साली देवगिरीचे तख्त हादरले, त्याच साली कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीला एकवीस वर्षांच्या माउलींनी समाधी घेतली. आज देवगिरीच्या किल्ल्यावर माणसे भिंती पाहायला जातात. आळंदीला त्या दिवशी माणसे कशाला जातात, हे तुम्हांला मी सांगायला नको. मुलाला एवढेच सांगावे, की ही दोन्ही ठिकाणे एकाच काळातली आहेत. त्यातले कुठले जिवंत आहे ते तूच बघ.

आता कर्तव्यपथाकडे चला. दिल्ली राजधानी होणार ही घोषणा इंग्रजांच्या राजाने डिसेंबर १९११ च्या दरबारात केली. वीस वर्षे खपून नवी दिल्ली उभी केली, १९३१ मध्ये तिचे उद्घाटन झाले, आणि सोळा वर्षांनी त्यांना ती सोडून जावे लागले. टेकडीवरचा तो तीनशे चाळीस खोल्यांचा वाडा व्हाइसरॉयसाठी बांधला होता; आज ते राष्ट्रपती भवन आहे. समोरच्या रस्त्याला इंग्रज 'किंग्जवे' म्हणत, आपण त्याला 'राजपथ' केले, आणि २०२२ पासून तो 'कर्तव्यपथ' आहे. नावात राजा होता, आता कर्तव्य आहे. नाव बदलणे सोपे असते. ते नाव पायाला लागावे लागते.

नातू म्हणाला, "आबा, एवढं मोठं घर कुणाचं?" मी म्हटले, "आपण निवडून दिलेले आमदार-खासदार मिळून एका माणसाला निवडतात. त्याला पाच वर्षं तिथं राहायला मिळतं. मुदत संपली की घर मोकळं करून पुढच्याला द्यायचं." सात वर्षांची नात चटकन म्हणाली, "म्हणजे धर्मशाळा!" आम्ही सगळे हसलो. पण सज्जनहो, लेकराच्या तोंडून शास्त्र बाहेर पडले. पंढरीच्या धर्मशाळेत आपण खोलीला मालकी सांगत नाही. उतरतो, खोली स्वच्छ ठेवतो, पुढच्या वारकऱ्यासाठी झाडून देऊन निघतो. ज्याला सत्तेचे घर धर्मशाळा वाटेल, तो तिथे बसला तरी उतणार नाही आणि बाहेर उभा राहिला तरी दबणार नाही.

तिथून जवळच जुने संसद भवन आहे. आता त्याला संविधान सदन म्हणतात. मुलांना ती गोल इमारत बाहेरून दाखवा, आणि तिथे उभे राहून त्यांना चोखोबांची गोष्ट सांगा. दुसरी कुठलीही गोष्ट सांगितली नाही तरी चालेल, ही सांगा. ज्यांचे अभंग आपण काकड्यापासून शेजारतीपर्यंत म्हणतो, त्या चोखोबांना देवळाची पायरी चढू दिली गेली नाही. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, बाहेर. ही आपली लाज आहे. ती दुसऱ्या कुणाची नाही. शतकेच्या शतके आपण त्या समाधीला हात लावून आत जात राहिलो आणि चोखोबांचे भाऊबंद बाहेर उभे राहिले. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. आणि त्यानंतर दीड वर्षाने, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, दिल्लीच्या ह्याच इमारतीत संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मान्य केले. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. "राजकारणाशी आपल्याला काय करायचे" असे म्हणून आपण वारकरी पुष्कळदा बाजूला होतो. पण संतांनी वाळवंटात जे सांगितले, ते देवळाच्या उंबऱ्यात अडले होते. ते उंबरा ओलांडून कायद्याच्या पुस्तकात आले ते ह्या घरात. मुलाला हे कळू द्या, की राजधानीत फक्त सत्ता राहत नाही. शहाणपणाने वापरली तर चोखोबांचे मागणेही तिथे मंजूर होते. मग ते मूल त्या इमारतीकडे भीतीने पाहणार नाही, तुच्छतेनेही पाहणार नाही.

जंतरमंतर तर सगळेच दाखवतात. सवाई जयसिंहाने १७२४ च्या सुमारास सूर्यताऱ्यांचे वेध घेण्यासाठी दगडाची यंत्रे उभारली, ती पाहताना मुलांना गंमत वाटते. पण त्याच रस्त्यावर देशभरातून लोक गाऱ्हाणी घेऊन येतात आणि बसतात. आम्ही गेलो त्या दिवशीही काही माणसे बसली होती, घोषणा चालल्या होत्या. सून मुलांना घेऊन पुढे जाऊ लागली. मी थांबवले आणि नातवाला विचारले, "माउलींच्या पालखीत समाजआरतीला काय होतं, आठवतं?" त्याला आठवत होते. तळावर सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळांचा गजर चालू असतो. चोपदाराने दंड उंच केला की एका क्षणात हजारो टाळ थांबतात. मात्र ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती दिंडी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, आणि त्यानंतर आरती.

नातू त्या बसलेल्या माणसांकडे पाहत म्हणाला, "म्हणजे ह्यांचे टाळ अजून वाजतायत."

वाचकहो, राज्यशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. पण आरती सुरू व्हायच्या आधी गाऱ्हाणे ऐकले गेले पाहिजे, एवढा न्याय आपल्या वाडवडिलांनी उघड्या माळावर पाळला. टाळ वाजवणाऱ्या दिंडीला तिथे कोणी बेशिस्त म्हणत नाही. शिस्तीचाच तो भाग आहे. तेव्हा राजधानीत मुलाला सत्तेची शोभा दाखवाल, तर गाऱ्हाण्याची जागाही दाखवा. त्या माणसांचे म्हणणे बरोबर की चूक, हे मुलाला ठरवता येणार नाही. कदाचित आपल्यालाही येणार नाही. पण ऐकायला थांबावे, हे तर शिकवता येईल.

इंडिया गेटजवळ २०१९ मध्ये राष्ट्रीय युद्धस्मारक झाले. वर्तुळाकार भिंतींवर ग्रॅनाइटच्या विटा आहेत, आणि एकेका विटेवर एकेका जवानाचे नाव. पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत. विटेवर आपले दैवत उभे आहे, म्हणून मला त्या विटांपुढे बोलता आले नाही. आईबापाची सेवा करणाऱ्या पुंडलिकाने एक वीट फेकली. ह्या मुलांनी स्वतःची वीट केली. तिथे पळापळ, छायाचित्रांची घाई करू देऊ नये. एकच वीट निवडावी, मुलाकडून नाव मोठ्याने वाचून घ्यावे, हात जोडावे आणि निघावे. पंचवीस हजारांचे दडपण येते. एकाचे ऋण लक्षात राहते.

शेवटचा मुक्काम बंगला साहिब गुरुद्वाऱ्याचा. तो आपल्याला परका नाही. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आपल्या नामदेवरायांची ६१ पदे आहेत. नरसीचा, शिंपियाच्या घरचा, पंढरीच्या पायरीचा दगड होऊन राहू मागणारा आपला नामा तिथे गुरुवाणी म्हणून गायला जातो. ह्या जागी १६६४ मध्ये गुरु हरकृष्ण उतरले होते. वयाच्या पाचव्या वर्षी त्यांना गुरुगादी मिळाली होती. दिल्लीत देवीची साथ पसरली तेव्हा त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली, आणि त्याच आजाराने आठ वर्षे पुरी व्हायच्या आत देह ठेवला. हे सांगताना नातीने मान वर करून विचारले, "माझ्याएवढे होते?" "तुझ्याएवढेच." मग ती बराच वेळ गप्प होती.

पादत्राणे ठेवायच्या जागी चांगल्या घरची दिसणारी माणसे लोकांचे जोडे हातात घेऊन जागेवर लावत होती. पंगतीत मोटारीतून आलेला आणि हातगाडी ओढणारा शेजारी बसले होते. मुलांनी जेवून झाल्यावर आत जाऊन चार पोळ्या लाटल्या; वाकड्यातिकड्या झाल्या, तरी तिथल्या बायकांनी कौतुकाने तव्यावर टाकल्या. चार दिवसांच्या सहलीत मुलांनी राजधानीला काही दिले असेल तर त्या चार पोळ्या.

मी रोज रात्री हरिपाठ झाल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारत असे: "आज सगळ्यांत मोठं कोण दिसलं?" पहिल्या रात्री नातू म्हणाला, लाल किल्ला. दुसऱ्या रात्री म्हणाला, राष्ट्रपती भवनाच्या दारावरचा घोडेस्वार. बंगला साहिबच्या रात्री नात म्हणाली, "ते जोडे उचलणारे आजोबा." नातवाला हे पटले नाही, तो अजून घोडेस्वारावर होता. मी दोघांनाही दुरुस्त केले नाही. प्रश्न आपला, उत्तर मुलाचे. बीज टाकल्यावर रोज उकरून पाहू नये.

आता वागण्याच्या चार गोष्टी सांगून पुरे करतो. रांगेत उभे असताना कुणाची चिठ्ठी दाखवून पुढे घुसू नका. पंढरीच्या दर्शनबारीत तासन् तास उभे राहणाऱ्या माणसाला रांगेची लाज वाटायचे कारण नाही. पहारेकऱ्याशी गोड आणि चहावाल्या पोराशी तुसडे, असे दोन आवाज मुलांच्या कानावर पडू देऊ नका. सायकलरिक्षा ओढणाऱ्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करण्याआधी, लाल किल्ल्याच्या चढावर त्याची पाठ कशी वाकते ते मुलांना पाहू द्या. आणि कोणी "गावाकडचे दिसता" म्हणाले, तर टिळा पुसू नका, धोतर लपवू नका, बोली बदलू नका. "होय, परभणीकडचे, वारकरी आहोत" असे हसून सांगा. आपल्या गावाची लाज वाटणारा बाप पाहिला, की मुलालाही गावाची लाज वाटू लागते. मग त्याला दिल्लीने नव्हे, आपणच परके केलेले असते.

आपल्या संप्रदायात दोन वारकरी भेटले की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. थोर कोण, धाकटा कोण, हे तिथे मोजत नाहीत. समोरच्यातल्या देवाला नमस्कार होतो, म्हणून वाकणाऱ्याची मान खाली जात नाही. ज्या मुलाने हे वाकणे घरात पाहिले आहे, त्याला राजधानीच्या कुठल्याही दारात न्या. ते सलाम करायलाही उतावीळ होणार नाही आणि माज करायलाही. ते आधी विचारील, इथे कुणाचे टाळ अजून वाजत आहेत.

तेवढे त्याने विचारले, की तुमची सहल वारीच्या पदरात पडली असे समजा.

लेकरांना सुखरूप न्या, सुखरूप आणा. पांडुरंग पाठीराखा आहे.